दिवाळीची भेट वैशाखात ठरते

घट उठतात, आपट्याची पाने वाटून होतात आणि शहरांतील कार्यालये, पतसंस्था, कारखाने व गृहनिर्माण संस्थांमध्ये एका यादीची ये-जा सुरू होते. दिवाळीला कोणाला काय पाठवायचे, याची ती यादी असते. ग्राहक, पुरवठादार, अधिकारी, कर्मचारी, नातेवाईक अशी उतरंड लावली जाते आणि प्रत्येक पायरीसाठी एका किमतीची पेटी निश्चित होते. पेटी उघडली की आत ठरलेलेच कप्पे. एकात बदाम, एकात काजू, एकात चॉकलेट, एकात परदेशी नावाची बिस्किटे. बदाम बहुतांशी कॅलिफोर्नियातून आलेला असतो. काजूगर इथे सोललेला असला, तरी त्याचे कच्चे बी पुष्कळदा आफ्रिकेतून आलेले असते. पेटीवर पणतीचे चित्र आणि देवनागरीत 'शुभ दीपावली' छापलेले असते. पेटीत दिवाळीचे म्हणून असते ते एवढेच.

या पेटीचा पुढील प्रवासही सर्वांच्या परिचयाचा आहे. एका घरी आलेली पेटी वरचा कागद बदलून दुसऱ्या घरी जाते, तेथून तिसऱ्या. भाऊबीज उलटून गेल्यावर उरलेली, कोपरे दबलेली पेटी घरकाम करणाऱ्या बाईंच्या किंवा इमारतीच्या रखवालदाराच्या हाती पडते. देणाऱ्याने ती निवडलेली नसते, घेणाऱ्याला ती हवी नसते आणि शेवटी जिच्या पोटात ती जाते, तिच्यासाठी ती मुळात घेतलेलीच नसते. सणाच्या देवघेवीतून माणूस कसा वजा होत जातो, याचा हा दरवर्षीचा धडा आहे.

महाराष्ट्राच्या घरांतील जुनी देवघेव वेगळी होती. फराळाचे ताट विणलेल्या रुमालाखाली शेजारी जाई आणि ते ताट कधी रिकामे परत येत नसे. त्या ताटात एका घराचे कसब दुसऱ्या घरी जात असे. हिच्या चकलीला काटा सुरेख, तिच्या अनारशाला जाळी छान, हे गल्लीभर ठाऊक असे. संक्रांतीचे वाण, अधिक मासात जावयाला दिले जाणारे तेहतीस अनारसे, लग्नातील रुखवत, माहेरवाशिणीबरोबर दिलेली शिदोरी या प्रत्येक प्रथेत पदार्थ आणि तो करणारे हात एकत्रच पोहोचत. दोन्ही माणसे कामावर जाणाऱ्या आजच्या घरात हे सारे जसेच्या तसे परत यावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मात्र घरी केलेले ताट आणि कारखान्यातील पेटी यांच्यामध्ये तिसरा मार्ग आहे. महाराष्ट्राच्या प्रत्येक विभागात आजही असे हात आहेत, जे तो विभाग एका डब्यात भरून देऊ शकतात. प्रश्न आहे तो मागणी करणाऱ्यांचा, आणि त्याहून अधिक मागणी करण्याच्या वेळेचा.

संकल्प होतो, खरेदी होत नाही

स्वदेशीचा विचार करणाऱ्या मंडळींमध्ये या विषयाची चर्चा होत नाही, असे नाही. दरवर्षी कोणी तरी उठून सांगतो की यंदा भेट म्हणून बचत गटांचे पदार्थ द्यावेत. टाळ्या पडतात, ठराव होतो. मग आश्विन उजाडतो, कोणी तरी एखाद्या गटाला दूरध्वनी करतो आणि दहा दिवसांत तीनशे पेट्या मागतो. गटातील ताई विचारात पडतात. एवढे आमसूल आता कोठून आणायचे? कुरडया तर उन्हाळ्यात झाल्या आणि विकल्याही गेल्या. नकार येतो किंवा निम्माच माल येतो आणि "या गटांना व्यवसाय जमत नाही" असा शेरा मारून मंडळी पुन्हा बदामाच्या पेटीकडे वळतात.

दोष गटाचा नसतो. कारखाना बारमाही चालतो, माती आणि ऊन बारमाही चालत नाहीत. पारंपरिक पदार्थ ऋतूला बांधलेले आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा ऋतू दिवाळीच्या पाच-सहा महिने आधी येऊन गेलेला असतो.

कोकणातले कोकम एप्रिल-मे महिन्यांत पिकते. पावसाची सर येण्यापूर्वी फळे उतरवून, साल वेगळी करून, त्यांच्याच रसाचे पुट देत ती उन्हात वाळवावी लागतात, तेव्हा आमसूल होते. आंबापोळी आणि फणसपोळी यांनाही तेच ऊन लागते. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात मोहाची फुले फाल्गुन-चैत्रात गळतात आणि वनवासी कुटुंबे पहाटे उठून ती वेचतात. जवस रब्बीचे, हळद माघ-फाल्गुनात काढून, शिजवून, वाळवून तयार होणारी. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचा, वाटून त्याचा चीक काढायचा, तो शिजवून सोऱ्यातून कापडावर घालायचा आणि वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवायचा. सांडगी मिरची, सांडगे, खानदेशातील ज्वारीचे बिबडे, सगळे याच वाळवणाच्या दिवसांतले. म्हणून दिवाळीला ज्याला अशी भेट द्यायची असेल, त्याने ती वैशाखात ठरवली पाहिजे. आश्विनात ठरवणाऱ्याच्या वाट्याला बाजारातील तयार पेटीच येणार.

या विलंबाची किंमत केवळ एका सणापुरती नाही. अनारशाचेच उदाहरण घ्यावे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत नेमके इतके सुकवायचे की हाताला ओलसर लागतील पण चिकटणार नाहीत, मग कुटून-चाळून गूळ किंवा साखर मिसळून गोळा मुरत ठेवायचा. तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर सगळी मेहनत वाया. हे 'नेमके इतके' कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात पुरतेपणी लिहिता येत नाही. ते आजीच्या बोटांतून नातीच्या बोटांत उतरते. मध्ये एक पिढी रिकामी गेली की ती साखळी तुटते आणि तुटलेली साखळी प्रदर्शने भरवून जोडता येत नाही. जे विद्यापीठात शिकवले जात नाही, ते ज्ञानच नव्हे, अशी समजूत इंग्रजी शिक्षणाने येथे रुजवली. स्वयंपाकघरातील ज्ञानाला तिचा सर्वांत मोठा फटका बसला.

पेटीत काय असावे?

महाराष्ट्राची एक पेटी भरायची झाली, तर तिची मांडणी कशी करता येईल, याचा विचार अवघड नाही. टिकणारे पदार्थ निवडावेत, प्रत्येक विभागाला स्थान द्यावे आणि गोड-तिखट-आंबट यांचा तोल राखावा, ही तीन पथ्ये पुरेशी आहेत.

कोकणातून आमसूल किंवा आगळ, एखादी आंबापोळी वा फणसपोळी आणि वेंगुर्ल्याचे काजू यावेत. पेटीत काजू हवाच असेल, तर तो या मातीतला का नसावा? पश्चिम महाराष्ट्रातून कोल्हापूरचा गूळ, सोलापूरकडची शेंगदाण्याची चटणी, सांगलीचा बेदाणा आणि आजऱ्याचा घनसाळ तांदूळ. मराठवाड्यातून येसर. भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले यांचे हे पीठ उकळत्या पाण्यात पडले की आमटी तयार होते. नोकरीसाठी परगावी एकट्या राहणाऱ्या तरुणाला याहून उपयोगी भेट सापडणे कठीण. खानदेशातून बिबडे, तर नाशिकच्या आदिवासी पट्ट्यातून नागलीचे पापड. नागलीच्या शंभर ग्रॅम धान्यात तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि गहू-तांदूळ त्याच्या जवळपासही येत नाहीत. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले, पण ते वर्ष सरल्यावर आपल्या किती घरांत नागली टिकून राहिली, याचा शोध प्रत्येकाने आपल्याच स्वयंपाकघरात घ्यावा. विदर्भातून वायगावची हळद, भिवापूरची मिरची, जवसाची चटणी, मोहफुलांचे लाडू आणि वर्ध्याचा गाईच्या तुपातील गोरसपाक. शेजारच्या गोव्यातून आल्याचा स्वाद असलेले गुळाचे खाजे, जे तेथील जत्रांचे वैभव आहे.

यांतील अनेक नावांना आता कायद्याचे संरक्षण आहे. भौगोलिक निर्देशनासंबंधीचा कायदा संसदेने १९९९ मध्ये केला आणि तो २००३ मध्ये अमलात आला. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये, वेंगुर्ल्याचा काजू, सांगलीचा बेदाणा, आजऱ्याचा घनसाळ, सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे कोकम, वायगावची हळद, भिवापूरची मिरची आणि मंगळवेढ्याची ज्वारी यांना २०१६ मध्ये, तर गोव्याच्या खाज्यांना २०२१ मध्ये हे मानांकन मिळाले. या कायद्याचे मर्म हिंदू समाजाच्या परंपरेला जवळचे आहे. येथे मालकी एका व्यक्तीची वा कंपनीची नसते. त्या भूमीत पिढ्यानुपिढ्या ते पीक घेणाऱ्या, तो पदार्थ करणाऱ्या समूहाची असते. पण मानांकन म्हणजे विक्री नव्हे. हापूसच्या नावाखाली कोठला तरी आंबा खपवला जातो, हे ग्राहक दरवर्षी अनुभवतोच. प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले आणि शेतकरी मात्र व्यापाऱ्याच्या दारात, ही स्थिती बदलायची असेल, तर नाव वाचून आणि गाव विचारून घेणारा ग्राहक उभा राहिला पाहिजे.

काय घालू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. पेढा, बर्फी आणि खव्याचे पदार्थ कितीही नामांकित असले, तरी त्यांचे आयुष्य थोड्या दिवसांचे. सणासुदीला भेसळीच्या खव्यावर अन्न व औषध प्रशासनाला छापे घालावे लागतात, हे वेगळेच. ते ज्या गावी होतात, त्या गावी जाऊन ताजेच खावेत. चिरोटे प्रवासात चुरतात. चिवडा-चकली हवाबंद डब्यात तीन-चार आठवडे चांगली राहते, पुढे तेलाला खवट वास येऊ लागतो. तेव्हा तळलेले थोडे आणि वाळवलेले, भाजलेले, मुरवलेले अधिक, असे प्रमाण ठेवावे. पेटीही पुठ्ठ्याची आणि चकचकीत कागदाची कशासाठी? बुरुडाने विणलेली बांबूची परडी पदार्थ संपल्यावरही घरात वर्षानुवर्षे वापरली जाते आणि आणखी एका कारागिराच्या घरी दिवा लागतो.

प्रत्येक पदार्थासोबत एक छोटी चिठ्ठी असावी. पदार्थाचे नाव, गाव, करणाऱ्या गटाचे नाव, घटक, केल्याची तारीख आणि तो खायचा कसा, एवढेच तिच्यात लिहावे. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण शहरातील नव्या संसारांत आमसुलाची पुडी वर्षभर फडताळात पडून राहते, ती नेमकी या अज्ञानामुळे. दोन ओळींत सोलकढीची कृती दिली, तर ती पुडी पंधरा दिवसांत संपेल आणि दुसरी मागवली जाईल. एका भेटीतून नवा ग्राहक घडला, तरच त्या भेटीचा हेतू साधला.

आधी दाम, मग दाणा

वेळेइतकाच दुसरा प्रश्न भांडवलाचा आहे. दहा-बारा भगिनींच्या गटाने वैशाखात चारशे पेट्यांचा माल करून ठेवायचा, म्हणजे गहू, गूळ, तेल, मसाला, डबे यांत सारी पुंजी गुंतवायची आणि दिवाळीपर्यंत वाट पाहायची. ऐनवेळी मागणी फिरली, तर गट बुडाला. म्हणून तोंडी आश्वासन उपयोगाचे नाही. जी संस्था ऑक्टोबरमध्ये पेट्यांवर लाखभर रुपये खर्च करणारच आहे, तिने त्यातील तिसरा हिस्सा मे महिन्यात आगाऊ दिला, तर तिचे काही बिघडत नाही, गटाचे मात्र सारे घडते. सावकाराकडे जाण्याचा प्रसंग टळतो आणि कच्चा माल हंगामात, स्वस्त असताना घेता येतो. नागरी सहकारी बँका व पतसंस्था यांचे जाळे महाराष्ट्रात गावोगाव आहे आणि त्यांतील अनेकांच्या संचालक मंडळांवर याच विचाराचे कार्यकर्ते आहेत. आपल्याच सभासदांना द्यायच्या दिवाळीभेटीची मागणी त्यांनी उन्हाळ्यात नोंदवली, तरी कित्येक तालुक्यांत गटांना वर्षाचे काम मिळेल.

महाराष्ट्राला हे नवे नाही. गणेश वासुदेव जोशी तथा सार्वजनिक काका यांनी स्वतः कातलेल्या सुताचे कपडे अंगावर घालून १८७७ च्या दिल्ली दरबारात उपस्थिती लावली, तेव्हा स्वदेशी हा शब्द अद्याप चळवळीचा झाला नव्हता. पुढे अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिले आणि त्या पैसाफंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला. एका पैशाने काय होणार, असे म्हणणारे तेव्हाही होते. परदेशी मालाची होळी करणे हा स्वदेशीचा एक भाग होता. आधी दाम देऊन आपला माल निर्माण करणे, हा तिचा अधिक कठीण आणि अधिक टिकाऊ भाग होता. स्वदेशीची भाषणे आजही होतात. चिनी दिव्यांच्या माळांवर बहिष्काराची पत्रकेही निघतात. परंतु बहिष्काराला एक दिवस पुरतो, निर्मितीला वर्षभराचे नियोजन लागते. कार्यकर्त्याची परीक्षा या दुसऱ्या कामात आहे.

दया नको, दर्जा हवा

याबरोबर एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. गटाचा माल म्हणून घ्या, बिचाऱ्या बायकांना मदत म्हणून घ्या, ही भूमिका त्या भगिनींचा अपमान करणारी आहे आणि व्यवहारात ती टिकतही नाही. दयेपोटी एकदा घेतलेली चटणी खवट निघाली, तर ग्राहक पुन्हा येत नाही. अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा लहान गृहोद्योगालाही नोंदणी बंधनकारक करतो. वेष्टनावर घटक, वजन, तारीख असणे हा ग्राहकाचा हक्क आहे. गटांनी हे ओझे न मानता आपल्या प्रतिष्ठेचे साधन मानावे. लिज्जत पापडचा इतिहास त्यांच्यासमोर आहे. १५ मार्च १९५९ या दिवशी गिरगावात सात भगिनींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला प्रारंभ केला. कोणाची देणगी घ्यायची नाही, दर्जाशी तडजोड करायची नाही आणि काम करणारी प्रत्येक जण सहमालक, या बळावर ते काम देशभर पसरले. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. हे यश सहानुभूतीवर मिळालेले नाही.

ग्राहकानेही आपली सवय तपासावी. मॉलमध्ये छापील किमतीपुढे निमूटपणे मान डोलावणारे सद्गृहस्थ बचत गटाच्या मेजासमोर उभे राहिले की पाच रुपयांसाठी घासाघीस करतात. हाताने कुटलेला मसाला आणि उन्हात वाळवलेली कुरडई यंत्राच्या मालाहून महाग असणारच, कारण तिच्या किमतीत कोणाच्या तरी दुपारी मोजलेल्या असतात. पेटी लहान करावी, पदार्थ चार ऐवजी तीन ठेवावेत, पण दर पाडून मागू नये.

परदेशी असलेल्या मुलाबाळांना फराळ पाठवणाऱ्या घरांनाही हेच वेळेचे गणित लागू पडते. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेने अल्पमूल्य पार्सलांची आयातशुल्काची सवलत काढून घेतली, भारतीय टपाल खात्याला काही आठवडे तिकडील पार्सले थांबवावी लागली आणि दिवाळीच्या तोंडावर अनेक घरे खोळंबली. जी घरे वाळवणाचे पदार्थ, मेतकूट, मसाले उन्हाळ्यातच पाठवून मोकळी झाली होती, त्यांना ही चिंता पडली नाही.

शेवटी भेट कशासाठी द्यायची, याचे उत्तर परंपरेनेच देऊन ठेवले आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य व्यक्तीला, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले ते सात्त्विक, तर काही परत मिळावे म्हणून दिलेले ते राजस. ज्याच्याकडून काम व्हायचे आहे त्याला मोठी पेटी आणि जिने वर्षभर घर सांभाळले तिला उरलेली, ही वाटणी कोणत्या प्रकारात बसते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून यादी करताना ती एकदा उलटी करून पाहावी. सफाई कामगार, रखवालदार, वस्तीतील अभ्यासिकेत शिकवणारी ताई, वसतिगृहातील वनवासी विद्यार्थी यांची नावे वर घ्यावीत आणि इतरांच्या घरी जाते तीच परडी, त्याच चिठ्ठीसह, त्यांच्या घरीही जावी. समरसतेचा उपदेश करण्यापेक्षा एकाच वाणाची परडी दोन्ही दारांत ठेवणे अधिक परिणामकारक आहे.

यासाठी शासनाच्या योजनेची प्रतीक्षा करावी लागत नाही. प्रत्येक नगरातील कार्यकर्त्यांनी वर्षप्रतिपदेच्या सुमारास एक बैठक घ्यावी. परिसरातील दोन आणि दूरच्या जिल्ह्यातील एक, असे तीन गट निवडावेत. नमुने चाखावेत, दर ठरवावेत, आगाऊ रक्कम द्यावी आणि घटस्थापनेपूर्वी माल ताब्यात घेण्याची तारीख लिहून घ्यावी. पहिल्या वर्षी पन्नास परड्या झाल्या, तरी पुरे. कोकणातील एका अंगणात तेवढे आमसूल अधिक वाळेल, मेळघाटातील एखाद्या पाड्यावर तेवढी फुले वेचली जातील आणि अनारशाचे पीठ हाताला कसे लागले पाहिजे, हे एखादी सून सासूला विचारील.

यंदाच्या दिवाळीची पेटी पाहून कोणाला हळहळ वाटली असेल, तर त्याने पुढच्या वैशाखाच्या पानावर आजच खूण करून ठेवावी.